जोराचा तुकडा

मातालोआ बेट
५ मार्च १९७९

कालोताई,

देवाच्या दयेनं आपण सगळे अजून जिवंत आहोत, त्याचे आभार. आईचा गुडघा तसाच आहे. तू पाठवलेलं मलम ती गुडघ्याला लावत नाही, शेजारणींना दाखवते. "राजधानीतून आलंय, माझ्या बहिणीच्या लेकीनं पाठवलंय," म्हणते आणि झाकण परत लावून ठेवते.

आता खरं काय ते लिहिते. मला रेडिओवर बोलायची लाज वाटते. बाकी दवाखान्याचं मला काही जड जात नाही. बाळंतपणं करते, टाके घालते, परवा तर एकाच्या तळहातातून माशाचा गळ काढला आणि तो गडी ओरडलासुद्धा नाही. पण सकाळी आठला मिशनच्या केंद्रातून तू "मातालोआ, मातालोआ" अशी हाक मारलीस की मी आधी दार लावून घेते. गेल्या मंगळवारी तू ऐकलंसच. रक्तदाबाच्या गोळ्या मागायच्या होत्या. हायड्रो-पर्यंत गेले आणि पुढचा शब्द कुठं पळाला कळेना. तीनदा सुरुवात केली. मग कुणीतरी हसलं, आणि एक हसल्यावर चार-पाच ठिकाणांहून हसणं आलं. सगळ्या बेटांचे दवाखाने त्या एकाच लहरीवर, वर होडीवाले रिकामटेकडे कान लावून असतात ते वेगळेच. दुपारी मीठ आणायला दुकानात गेले तर सायमोने म्हणतो, "या हायड्रोबाई! मी-मी-मी-मीठ देऊ?"

दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. घरी येऊन रडले.

तू ऑकलंडला शिकलीस. मिशनच्या केंद्रात गोरे पाहुणे आले की तुलाच पुढं करतात, असं मावशी सांगते. मला ते इंग्रजी शब्द म्हणायला शिकव. पत्रातून येईल का गं शिकवता?

तुझी
लेसिएली


नुकुअलोफा
१४ मार्च १९७९

लेसिएली, वेडाबाई,

रडतेस काय! हसणाऱ्यांना मी त्याच दिवशी चांगलं झापलंय. आता कुणी हसायचं नाही.

पत्रातून नक्की शिकवता येईल. आधी एक लक्षात घे. आपल्या भाषेतला शब्द म्हणजे सगळे तुकडे सारखे, प्रत्येक तुकडा स्वरावर टेकलेला, आणि भार नेहमी शेवटाकडं. म्हणून आपण कुठलाही इंग्रजी शब्द उचलतो आणि शेवटाकडं दाबतो. गोऱ्यांना ते ऐकून हसू येतं. त्यांच्या शब्दात एकच तुकडा राजा असतो, बाकीची प्रजा. राजा कुठं बसलाय तेवढं शोधायचं.

तुझाच शब्द घे. कंद कापतो तसा काप. हाय-ड्रो-क्लो-रो-थाय-अ-झाइड. सात तुकडे. जोर कुठं? थायवर. पहिले चार पळत जायचं, थायवर धप्पकन बसायचं, मग दोन पायऱ्या उतरायच्या. मावशी कापडासाठी झाडाची साल कुटायला बसली की तिच्याजवळ बस आणि ऐक. तीन घाव हलके, एक जड. त्या तालावर म्हणून बघ.

सोबत चाळीस औषधांची यादी देतेय. प्रत्येक नावाचे तुकडे पाडलेत आणि जोराच्या तुकड्यावर तांबडी रेघ मारली आहे. रोज पाच पाठ कर.

आणि आता गुपित. इंग्रजी बोलणारा माणूस सगळे तुकडे ऐकतच नाही. जोराचा तुकडा कानावर पडला की बाकीचे तो मनातच भरून घेतो. म्हणून तो एक ठणकावून म्हण. बाकीचे गिळलेस तरी चालेल. खरं म्हणजे गिळलेस तरच ते इंग्रजी वाटतं. आणि काही झालं तरी "पुन्हा सांगा" म्हणू नकोस. एकदा पुन्हा सांगा म्हटलं की माणूस लहान होतो. औषधाचं नाव एकेक अक्षर करून परत सांगायचा नियम आहे, मला ठाऊक आहे, पण तो अडखळणाऱ्यांसाठी. तू नीट म्हणायला लागलीस की मी तुला ते करायला लावणार नाही. वेळ जातो आणि रेडिओपाशी बसलेले डॉक्टर विलिसोनी वैतागतात.

मलम गुडघ्याला लाव म्हणावं. संपलं की दुसरं पाठवते.

तुझी
कालोलाइने


मातालोआ
२० मे १९७९

कालोताई,

ऐकलंस ना काल? ऐकलंसच! लोफा बेटाच्या नर्सनं मला रेडिओवर विचारलं, "मातालोआ, तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हटलं, "घरी." आणि कुणी हसलं नाही.

आईजवळ बसून म्हणते. ती कुटत असते आणि मी म्हणते, मे-ट्रो-निड्-अ-झोल, आणि निड्वर तिचा जड घाव बरोबर येतो. आता तीच मला थांबवते, "आज तुझा मेट्रो झाला नाही अजून." शेजारणींना वाटतं मी नवं स्तोत्र पाठ करतेय.

रोज एक शब्द मात्र न चुकता होतो, क्लोर-प्रो-पामाइड. पाएआ आजोबांच्या गोळ्या, रक्तातली साखर उतरवायच्या. सकाळी ते दारात येऊन बसतात, "आली का माझी प्रो?" म्हणतात. त्यांनाही जोर कुठं द्यायचा ते कळलंय.

सेमिसी मास्तरांच्या बायकोला, उंगातेआला, आठवा महिना लागला. रोज संध्याकाळी भाजलेला नीरफणस घेऊन दवाखान्याच्या पायरीवर येते. म्हणते, "मुलगी झाली तर तिला तुझ्यासारखं बोलायला शिकव." मी म्हटलं, "मग तिला आधी कालोलाइनेच्या शाळेत घालायला हवं." ती अशी हसते ताई, तोंडावर हात न ठेवता. आपल्यात बायका अशा हसत नाहीत. मला ती फार आवडते.

लेसिएली


नुकुअलोफा
१७ जुलै १९७९

लेसिएली,

हे घाईत लिहितेय, बोट दुपारी सुटते.

आज सकाळी तू माझी मान उंच केलीस! वेलिंग्टनहून आलेल्या पाहुण्याबाई रेडिओच्या खोलीतच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. वादळाची खरखर एवढी, मला वाटलं आज फजिती होणार. तुझ्या त्या मास्तरांच्या बायकोचं तू सगळं क्रमानं सांगितलंस, बाळंत होऊन बारा दिवस, पाच रात्री झोप नाही, कानात आवाज येतात, मूल घेऊन समुद्रात चालत निघाली होती. डॉक्टर विलिसोनींनी क्लोरप्रोमाझीन सांगितलं, मन शांत करून झोप आणायला. एकदाच सांगितलं. आणि तिकडून तुझं उत्तर आलं, क्लोर-प्रो! असं ठाम की टेबलावर हात आपटावा. मी म्हटलं, "बरोबर, मातालोआ." पाहुण्याबाई म्हणाल्या, ही परिचारिका परदेशात शिकली का? मी म्हटलं, नाही, ती माझी मावसबहीण आहे.

उंगातेआला आराम पडला की कळव. बाळाचं नाव काय ठेवलं?

कालोलाइने


मातालोआ
२७ जुलै १९७९

ताई,

मी शब्द चुकीचा ऐकला. मी तिला पाएआ आजोबांच्या गोळ्या दिल्या.

संध्याकाळी दिल्या आणि पहाटे दिल्या. पाच दिवसांनी ती झोपली म्हणून सगळ्या घराला आनंद झाला. सेमिसी मास्तरांनी पोरांना अंगणाबाहेर काढलं. तिच्या सासूनं कोंबड्या हाकलल्या. आम्ही सगळे पायांच्या बोटांवर चालत होतो, तिची झोपमोड होऊ नये म्हणून. तिला घाम फुटला होता तर मी म्हटलं, औषध लागू पडतंय. मी त्यांना म्हटलं, उठवू नका.

दुपारी तिला झटके आले. मी पळत दवाखान्यात गेले, बाटली हातात घेतली आणि नाव पूर्ण वाचलं.

साखरेचं पाणी तिच्या गालात थेंबथेंब सोडत बसले. शिरेतून द्यायच्या ग्लुकोजच्या तीनच बाटल्या होत्या. शुद्धीवर यायची आणि परत जायची, दोन रात्री. मग समुद्र निवळला तेव्हा सेमिसी मास्तर तिला बोटीतून राजधानीला घेऊन गेले. मूल सासूजवळ आहे. मुलगी आहे. नाव अजून ठेवलेलं नाही.

ती जगली तर मला कळव. मी कुणाला विचारू शकत नाही.

लेसिएली


नुकुअलोफा
४ ऑगस्ट १९७९

लेसिएली,

उंगातेआ जिवंत आहे. डोळे उघडते, खाते. ओळखत नाही अजून नीट, पण डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. मी तिला बघायला गेले नाही, इथं कामाची फार धांदल आहे.

तू स्वतःला खाऊ नकोस. अशा गोष्टी मोठमोठ्या इस्पितळांतही होतात. त्या दिवशी खरखर किती होती ते सगळ्यांनी ऐकलंय. तू नेमकं काय म्हणालीस ते मलाही आता आठवत नाही. मिशनचे मुख्य डॉक्टर चौकशीला तुला बोलावतील. विचारलं तर म्हण, बाळंतिणीजवळ जागून मी थकले होते. ते खरंच आहे. फार बोलू नकोस.

मावशीला नमस्कार. मलम पाठवतेय.

कालोलाइने


मातालोआ
३० ऑगस्ट १९७९

ताई,

चौकशीहून परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय.

तिथं तू समोरच बसली होतीस. निळा झगा घातला होतास. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाटलं, तसा नियम असेल.

मुख्य डॉक्टरांनी तुझी नोंदवही वाचली. सतरा जुलै, मातालोआ, औषधाचं नाव अक्षरं सुटी करून परत सांगितलं, बरोबर. ते म्हणाले, म्हणजे नाव तुम्हाला अक्षर न् अक्षर बरोबर समजलं होतं. मग हातात दुसरी बाटली कशी आली? मी म्हटलं, मी अक्षरं सांगितली नव्हती. ते म्हणाले, इथं लिहिलंय. मग मी म्हटलं, लिहिलंय तर सांगितली असतील. त्यांनी शेरा लिहिला, निष्काळजीपणा. दवाखान्याची किल्ली लोफाच्या नर्सकडं दिली आहे, ती आठवड्यातून दोनदा येते.

आता मलाच कळेनासं झालंय. रात्रंदिवस आठवून बघते. कधी वाटतं, मी खरंच अक्षरं सांगितली आणि विसरले. मग बाटलीवरचं नाव वाचणारे माझे डोळेच खोटे म्हणायचे, आणि या डोळ्यांनी मी पुन्हा कुणाची जखम कशी शिवायची? तू त्या दिवशी रेडिओवर होतीस. तूच सांग. मी सांगितली होती का?

इथं कुणी मला काही बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सायमोने मीठ मोजतो, पुडी बांधतो, हातात देतो आणि खाली बघतो. पाएआ आजोबा आता गोळ्या घ्यायला येत नाहीत, म्हणतात, माझ्या गोळ्यांनी पोरीचं असं झालं. लोफाच्या नर्सनं दिलेल्या मी घरी नेऊन देते, तर तोंड फिरवून घेतात.

एक गोष्ट घडली ती सांगते. परवा मी आईजवळ बसून ते दोन शब्द म्हणत होते, सारखे सारखे, तुझ्या पद्धतीनं, प्रोवर जोर देऊन. आईनं कुटायचं थांबवून विचारलं, "एकच शब्द किती वेळा म्हणशील?" मी म्हटलं, "आई, दोन आहेत." ती म्हणाली, "मला एकच ऐकू येतोय." मग मी ते तिला सावकाश सांगितले, आणि तिनं तिच्या तोंडानं म्हटले. आपल्या रीतीनं, सगळे तुकडे सारखे, भार शेवटाकडं. कोलोपोलोमासीनी. कोलोपोलोपामाइती. म्हणाली, "ही तर दोन वेगळी माणसं आहेत. एकमेकांची नात्यातलीही नाहीत."

ताई, मी माझ्या जुन्या अडाणी रीतीनं बोलले असते तर तिकडं नक्की कळलं असतं. लोक हसले असते. आणि उंगातेआ बरी असती.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. तू माझ्या भल्यासाठीच शिकवलंस.

लेसिएली


नुकुअलोफा
१० सप्टेंबर १९७९

लेसिएली,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. रविवारी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून देवळात नेलं आणि तसंच परत आणलं. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहवणार नाही.

तू अक्षरं सांगितली नव्हतीस. तुझे डोळे खोटे नाहीत.

मीच तुला सांगू दिली नाहीत. तू म्हणाली होतीस, "अक्षरं सांगू का? ओव्हर." आठवतंय का? मी म्हटलं, "गरज नाही, मातालोआ." पाहुण्याबाई माझ्यामागं उभ्या होत्या. एकेक अक्षर करून तू सांगितलं असतंस तर त्यांना वाटलं असतं, ही इथली माणसं अशीच, पोरांसारखी अक्षरं जुळवत बसतात. मला त्यांना दाखवायचं होतं. तुला नव्हे, स्वतःला दाखवायचं होतं. तू प्रो म्हणालीस, आणि ते मी शिकवल्यासारखं इतकं बरोबर आलं की मी पुढचं ऐकलंच नाही. पुढं माझीन होतं का पामाइड, हे देवाशपथ मला ठाऊक नाही. मी बरोबर म्हटलं.

नोंदवहीत "अक्षरं परत सांगितली" हे मी रोजच लिहिते. सगळ्यांच्या नावापुढं. सांगितली असोत नसोत. त्या दिवशीही लिहिलं. चौकशीत ते वाचलं तेव्हा मुख्य डॉक्टरांनी माझ्याकडं वळून विचारलं, "ही नोंद खरी?" तू समोर बसली होतीस, हात मांडीवर घेऊन. मी हो म्हटलं.

अजून एक राहिलं. फेब्रुवारीत तू अडखळलीस तेव्हा आधी कोण हसलं, ते तुला कळलं नव्हतं. मी हसले होते. बोलायचं बटण दाबलेलं होतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझं ऐकून बाकीचे हसले. मी कुणालाच झापलं नाही.

आज सकाळी मी मुख्य डॉक्टरांकडं गेले आणि नोंदवही त्यांच्यापुढं ठेवली. किती पानं खोटी आहेत ते विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मोजली नाहीत. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "कालोलाइने, आम्ही तुला परदेशी पाठवलं ते तू परत येऊन आमच्या लोकांचं ऐकावंस म्हणून." मी मान वर केली नाही. मला रेडिओवरून काढलंय. तुझी चौकशी पुन्हा होणार आहे, तुझ्यावरचा शेरा पुसतील असं ते म्हणाले. आईला सांगितलं तेव्हा तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "माझ्या बहिणीला मी तोंड कसं दाखवू?"

बावीस तारखेच्या बोटीनं आम्ही येतो आहोत. मी, आई आणि थोरले मामा. उंगातेआच्या दारात क्षमेसाठी बसायला. पानं आणि जुन्या चटया घेऊन येतो. तिला मागच्याच आठवड्यात घरी पाठवलंय. इथं दीड महिना ती माझ्यापासून दोन इमारतींवर होती. मी एकदाही गेले नाही.

तुला काय म्हणू मला कळत नाही.

कालोलाइने


मातालोआ
१ ऑक्टोबर १९७९

कालोताई,

तू मान खाली घालून बसली होतीस, त्यामुळं तुला काही दिसलं नसणार. मी बाजूच्या झाडाखाली बायकांत उभी होते. काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

तुम्ही अंगणात येऊन बसलात तेव्हा दहा वाजले असतील. फाटक्या चटया कमरेला गुंडाळलेल्या, गळ्यात इफीच्या झाडाची पानं, मधे तू, उजवीकडं मावशी, डावीकडं मामा. सेमिसी मास्तर घरातच होते. दार उघडं होतं आणि त्यांची सावली आत दिसत होती, पण ते बाहेर येईनात. त्यांची आई उंबऱ्यावर बसली, तुमच्याकडं पाठ करून. मास्तरांचा धाकटा भाऊ म्हणाला, "बसू देत. आमची वहिनी दोन रात्री मेल्यासारखी पडली होती, यांना दोन तास उन्हात बसू देत." कुणी त्याला गप्प केलं नाही. ऊन डोक्यावर आलं. मावशी एकदा कलंडली, ती तू सावरलीस. मला वाटलं, स्वीकारणारच नाहीत. आमच्या आजीच्या वेळी एकदा असं झालं होतं, संध्याकाळपर्यंत बसून माणसं तशीच परत गेली आणि पुढं ती दोन्ही घरं एका देवळात गेली नाहीत.

मग उंगातेआ मागच्या दारानं आली. बाळाचे धुतलेले कपडे तिच्या हातात होते. तिचं हल्ली असं आहे, की सकाळी काय झालं ते दुपारी राहत नाही. मुलीला जवळ घेते, पाजायला बघते, दूध नाही म्हणून रडते, आणि का नाही ते रोज नव्यानं विचारते. तिनं तुमच्याकडं बघितलं.

"या कोण माणसं? उन्हात का बसलीत?"

सासू म्हणाली, "तुझी क्षमा मागायला आलीत."

"माझी? कशाबद्दल?"

सासू उंबऱ्यावरची धूळ झाडू लागली.

ती म्हणाली, "मी फार झोपले होते म्हणतात. यांनी माझी झोपमोड केली का?"

तेव्हा आतून सेमिसी मास्तरांचा आवाज आला. ते रडत होते, पुरुषमाणसं रडतात तसं, तोंड दाबून. उंगातेआनं कपडे दोरीवर टाकले, तुझ्याजवळ आली आणि वाकून तुझ्या गळ्यातली पानं काढली. ते तुला कळलंच असेल. तुला वाटलं असेल, तिनं क्षमा केली म्हणून काढली. तसं नव्हतं. ती सासूला म्हणाली, "किती घाम आलाय हिला, पानं टोचत असतील. पाणी द्या कुणीतरी." पण पानं काढली ती काढली. त्यावर मास्तर बाहेर आले, मामांना त्यांनी हात धरून उठवलं, आणि मग सगळ्या रडल्या. मी रडले नाही.

नंतर तुम्ही बोटीकडं निघालात. आमचं घर त्याच वाटेवर आहे. आईनं दार उघडं ठेवलं होतं, कंद भाजले होते, पाच माणसांचे. मी चुलीच्या झोपडीत बसले होते. तुझं चालणं मला ठाऊक आहे. ते दारापाशी थांबलं. मी उठले नाही, तूच ये म्हणून बसले. मग ते पुढं गेलं.

उंगातेआनं तुला सोडलं, कारण तिला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. चौकशीच्या खोलीत माझ्यासमोर बसून तू हो म्हणालीस, त्यासाठी तू अजून माझ्याकडं यायची राहिली आहेस. दहा तारखेच्या पत्रात तू लिहिलंस, तुला काय म्हणू कळत नाही. कागदावर कळणार नाही.

पण मी हे रागानं लिहीत नाही, किंवा नुसतं रागानं नाही. मला तुला आणखी एक सांगायचंय आणि ते मी आईलाही सांगितलेलं नाही.

मी रोज उंगातेआकडं जाते. दुपटी धुते, तिचे केस विंचरते. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सगळे सांगतात, दोन रात्री बसून तू माझ्या तोंडात साखरेचं पाणी घातलंस. तूच मला वाचवलंस ना?" सेमिसी मास्तर दारात होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला म्हणता आलं असतं की ते पाणी घालायची वेळ माझ्याच हातानं आणली.

मी हो म्हटलं.

तेवढं मात्र ती विसरत नाही. बाकी सगळं विसरते, आणि रोज मी गेले की उठून मला जागा करून देते, घरातला सगळ्यात मोठा मासा माझ्यापुढं ठेवते. मी तो खाते. आठवडा होत आला.

पुढच्या बोटीनं ये. मावशीला, मामांना आणू नकोस. आधी आमच्या घरी माझ्यासमोर बस. मी किती वेळ बसवून ठेवीन ते मला सांगता येत नाही. मग उठून आपण मास्तरांच्या अंगणात जाऊ. तिथं या वेळी मी पुढं बसेन, आणि तू माझ्या शेजारी बस. ती संध्याकाळपर्यंत विसरली तरी चालेल. आपण सांगितलेलं असेल.

लेसिएली